खंडूची डावी नाडी

१८ एप्रिल २००९, शनिवार. सकाळपासून बॉक्सरूमला रंग देते आहे. बॉक्सरूम म्हणजे इथल्या घरांत सगळ्या खोल्या वाटून झाल्यावर कोपऱ्यात उरलेली जागा, एक पलंग आणि एक माणूस मावेल एवढी. पुढच्या आठवड्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्यांची खोली हीच. रंग मॅग्नोलिया, म्हणजे सायीसारखा पांढरट. इंग्लंडात ज्याला काही सुचत नाही तो मॅग्नोलिया लावतो.

अडचण अशी की पलंगाच्या वरच्या भिंतीवर ओठ आहेत. लालभडक, ठसठशीत, अगदी माझ्या खांद्याच्या उंचीवर. सासूबाई पहिल्याच दिवशी विचारणार, हे कोणाचे? आणि खरं उत्तर असं, की ते एका खलाश्याचे आहेत. खरं असलं तरी सांगण्यासारखं नाही. म्हणून रंग.

हे ओठ नंदूमुळे आले. नंदू पाथ्रीकर आमच्याकडे दीड वर्ष भाड्याने राहिला. मूळचा नागपूरचा. पुण्याच्या कंपनीने वर्क व्हिसावर ब्रॅकनेलच्या ऑफिसात पाठवलेला. आम्ही रीडिंगला, तो रोज ट्रेनने जायचा. अडतीस वर्षांचा, बायको-मुलगी नागपुरात, डोक्यावर केस कमी आणि कानांत जास्त. मला वहिनी म्हणायचा. पहिले दोन दिवस मी त्याला अहो-जाहो केलं. तिसऱ्या दिवशी त्याने पोळीला स्ट्रॉबेरी जॅम लावून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घालून, सुरळी करून खाल्ली आणि मी आपोआप अरे-तुरेवर आले.

तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या, हे त्याचं काम. ते तो इतकं नीट करायचा, की ऑफिसातली माणसं त्याला बघून वाट बदलत, असं तोच सांगायचा. घरी मात्र त्याचा धंदा उलटा. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तो चुका करायला बसायचा. मन लावून, जीभ बाहेर काढून.

"अरे, पटकन काहीतरी खरड आणि जेवायला चल," मी म्हणायचे.

"वहिनी, घाईत बरोबर येतं. चूक सावकाशच करावी लागते."

हे त्याचं ठरलेलं वाक्य.

प्रकरण असं होतं. नंदूच्या लहानपणी त्यांच्या घरी एक मुलांचं साप्ताहिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर चित्रकथा असायची, खलाशी खंडू. मुंडासं, पट्ट्यांचा बनियन, कमरेला लाल शेला. काळ्या रेषा आणि एकच रंग, लाल. स्वस्तातला छापखाना. आधी काळं छापायचं, मग तोच कागद पुन्हा यंत्रात घालून लाल छापायचं. दुसऱ्या वेळी कागद थोडा हलायचा. त्यामुळे लाल रंग रेषेत बसायचाच नाही, दर आठवड्याला जरासा उजवीकडे सरकलेला. खंडूचे ओठ गालावर, शेला कमरेच्या बाहेर, मुंडाशाचा रंग आभाळात.

"आम्हाला वाटायचं, खंडू पान खातो," नंदू सांगायचा. "रंगलेलं, गालापर्यंत आलेलं. शाळेत मी मारुती काढला, त्याचेही ओठ गालावर. ड्रॉइंग मास्तरांनी कान पिळला. मी म्हटलं, सर, मोठे चित्रकार असंच काढतात!"

तर या खंडूवर नंदूला स्वतःची नवी कथा काढायची होती. विकायची नव्हती, नाव करायचं नव्हतं. ज्या साखरदांड्यांची चित्रं गिरवत हात वळला, त्यांना एक नमस्कार म्हणून. बारा पानं. खंडू जहाज घेऊन इंग्लंडला येतो, थेम्समधून वर येता येता रीडिंगच्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी वर चढवायच्या दोन दारांमध्ये, अडकतो, मग पायी ब्रॅकनेलला जातो आणि तिथल्या राउंडअबाउटच्या वाटोळ्या चौकात दोन पानं नुसता गोल फिरतो. तो येतो कशाला? तर बुटाची नाडी शोधायला.

हे नंदूचं खास संशोधन. त्याने लहानपणी पाहून ठेवलं होतं, की खंडूच्या उजव्या बुटाला नाडी असते, डाव्याला कधीच नसते. एकाही चित्रात नाही. "यामागे काहीतरी आहे, वहिनी. माणूस इतकी वर्षं उगीच एक नाडी विसरत नाही. कुणी दिली असेल, कुणी नेली असेल." त्याने स्वतःचं उत्तर शोधून काढलं होतं. नाडी समुद्रातल्या एका दरोडेखोर बाईने पळवली आणि ती तिने आपल्या एप्रनला लावली. बाईचं नाव दर्यादरोगा. अंगाने भक्कम, हातात उलथनं, चष्मा माझा.

"ही मी आहे?" मी विचारलं.

"छे छे, वहिनी. काल्पनिक पात्र."

"चष्म्याची डावी दांडी सेलोटेपने चिकटवलेली आहे, नंदू."

"तपशील महत्त्वाचा असतो," तो म्हणाला आणि वाटीभर आमटी पिऊन टाकली.

श्रीकांत, माझा नवरा, त्या दिवसापासून स्वयंपाकघरात येताना "परवानगी आहे का, दरोगाबाई?" असं विचारून यायला लागला. अजून विचारतो.

काम करायची नंदूची तऱ्हा पाहण्यासारखी होती. काळं चित्र जाड कागदावर. लाल भाग वेगळ्या पारदर्शक कागदावर. मग तो कागद चित्रावर ठेवून नेमका सरकवायचा. किती? तर एका तांदळाच्या दाण्याएवढा. खरोखर दाणा ठेवून मोजायचा. पहिल्या दिवशी मी डब्यातून बासमती काढून दिला, तर त्याने तोंड वाकडं केलं.

"बासमती नको, फार लांब सरकतं. आंबेमोहोर आहे का?"

आंबेमोहोर साउथॉलच्या देशी बाजारातून आणावा लागतो. आणला. पुढचे चार महिने माझ्या टेबलावर, फ्रीजखाली, एकदा तर श्रीकांतच्या मोज्यात आंबेमोहोराचे सुटे दाणे सापडत होते.

सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो. मी प्रसादाच्या टेबलावर. रांगेत लीड्सहून पाहुणी आलेली एक डॉक्टरीण होती. बोलता बोलता म्हणाली, "बाबा सध्या माझ्याकडेच आहेत. या वयात करमत नाही त्यांना. पूर्वी चित्रं काढायचे. एक खलाशी काढायचे मुलांच्या साप्ताहिकात."

नंदू माझ्या मागे पेपर प्लेट मोजत होता. प्लेटा खाली पडल्या.

"साखरदांडे?" तो इतक्या मोठ्याने ओरडला, की आरती म्हणणारे थांबले. "तुम्ही साखरदांड्यांच्या कोण?"

"मुलगी," ती म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

नंदू समजत होता, की साखरदांडे केव्हाच गेले. ते होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे, लीड्समध्ये, मुलीच्या घरी टीव्हीवर स्नूकर बघत. पण व्हिसाचे सहा महिने संपत आलेले. पुढच्या रविवारी विमान, आणि त्यांच्या वयाकडे बघता पुन्हा येणं नाही. भेटायचं तर शनिवारी. नंदूची बारा पानं तयार होती, पण नुसत्या सुट्या कागदांच्या रूपात. हातात द्यायचं तर छापलेलं, पुस्तकासारखं द्यायचं, हा त्याचा हट्ट. आणि माझ्या मते बरोबर हट्ट. माणूस आयुष्यभर छापील पानासाठी काढत होता, त्याला सुटे कागद काय दाखवायचे?

माझ्या ऑफिसजवळ एक छोटं प्रिंटिंगचं दुकान होतं. चालवणारी लिंडा, गोल चेहऱ्याची, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी. नंदूने सोमवारी तिच्याकडे काळी पानं आणि लाल पानं दिली, वीस प्रती सांगितल्या. शुक्रवारी दुपारी आम्ही आणायला गेलो. मी अर्धी रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी लीड्सपर्यंतही गाडी मीच चालवणार होते; नंदूचं इथलं लायसन्स नव्हतं आणि त्याला राउंडअबाउटवर गोल फिरण्याची आवड किती आहे हे मी वाचलं होतं.

लिंडाने खोका पुढे केला. चेहरा आनंदाने फुललेला.

"तुमचं सगळं सरकलं होतं, लव्ह," ती म्हणाली. "प्रत्येक पान! मी लंच सोडून बसले आणि एकेक नीट जागेवर बसवलं. त्याचे जादा काही लावले नाहीत हं."

नंदूने वरची प्रत उघडली. खंडूचे ओठ ओठांच्या जागी. शेला कमरेला. मुंडासं डोक्यावर. चार महिन्यांची आंबेमोहोराची मेहनत त्या बाईने प्रेमाने पुसून टाकली होती.

मी तोंड उघडलं. नंदूने माझ्या पायावर पाय दिला.

"व्हेरी काइंड," तो लिंडाला म्हणाला. मग पुन्हा, "व्हेरी, व्हेरी काइंड." आणि वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर तो फुटपाथच्या कडेला बसला, खोका मांडीवर.

"सांगायचं ना तिला! परत छापून दिलं असतं," मी म्हणाले.

"बाई उपाशी राहिली, वहिनी. तिला काय सांगू, मला चुकीचंच हवं होतं?" मग वरची प्रत पुन्हा उघडून, "हा खंडू नाही हो. हा खंडूचा शहाणा भाऊ वाटतो."

मला रडकी माणसं चालत नाहीत, विशेषतः पार्किंगची वेळ संपत आलेली असताना. मी विचार केला. मूळ काळी पानं खोक्यात परत आलीच आहेत. माझ्या ऑफिसात फोटोकॉपीचं मशीन आहे. लाल रंग काय, कशानेही लावता येईल.

"नंदू, शाळेत बटाट्याचे ठसे केले होतेस का?"

त्याने वर बघितलं. इतका प्रकाश मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितला आहे. बटाट्याने तर कधीच नाही.

ऑफिसात काळ्या पानांच्या कॉप्या काढल्या आणि तासाभरात आमच्या स्वयंपाकघरात छापखाना सुरू झाला. नंदूला सुरी धरता येत नव्हती, म्हणून कोरायचं काम माझ्याकडे. मोठा बटाटा म्हणजे मुंडासं, मधला म्हणजे शेला, लहान म्हणजे ओठ. भेंडी आडवी कापली की लाटांवरच्या फुलांसारखे ठसे येतात. ते कथेत नव्हते, पण भेंडी घरात होती. लाल पोस्टर कलर ताटलीत. श्रीकांत ऑफिसातून आला तर बायको ओठ कोरतेय आणि भाडेकरू दाबतोय.

"दरोगाबाई, जेवायला काय?"

"उरलेलं मुंडासं," मी म्हणाले. खरोखर तीच भाजी केली. जरा गुलाबी झाली होती.

गंमत अशी की आता तांदूळ मोजायची गरजच नव्हती. हाताने ठसा मारला की तो आपोआप सरकतो. नंदू प्रत्येक पानावर ओठ मारायचा आणि ओरडायचा, "उजवीकडे! वहिनी, उजवीकडे गेला!" जशी लॉटरी लागली. तिसऱ्या प्रतीनंतर आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. एका चौकटीत खंडूचे ओठ बोटीच्या शिडाला लागले. नंदू म्हणाला, तो वाऱ्याची पापी घेतोय, राहू दे. ओली पानं वाळवायला नंदू बॉक्सरूममध्ये दोरी बांधत होता, तेव्हा खिडकी उघडी राहिली आणि एक पान उडून भिंतीला फट्टकन चिकटलं. पान काढलं. ओठ राहिले.

शनिवारी एम वन मोटरवेने लीड्सला पोचलो. पूर्ण रस्ताभर नंदू बोलला नाही. त्याच्या मांडीवर दोन प्रती, एक लिंडाची, एक बटाट्याची. एकदाच म्हणाला, "त्यांना वाटलं, मी थट्टा केली, तर?"

हाच मुद्दा होता. मी त्याला जॅमची पोळी दिली.

साखरदांडे काचेच्या खोलीत बसले होते. स्वेटरवर स्वेटर, कानटोपी, गुडघ्यावर ब्लँकेट, बाहेर छान ऊन. नंदूने पायांना हात लावला आणि बटाट्याची प्रत पुढे केली. म्हाताऱ्याने भिंग मागवलं. पहिलं पान बघितलं. दुसरं. कानटोपी काढली.

"हे ओठ कुठे आहेत?"

"गालावर, आजोबा," नंदू म्हणाला.

"गालावर!" ते इतक्या जोरात म्हणाले की आतून मुलगी धावत आली. "या ओठांपायी मी दर आठवड्याला त्या छापखान्यात जाऊन भांडायचो! मशीनवाला म्हणायचा, साहेब, पोरांना काय कळतंय. माझा खंडू लहान मुलांसमोर पान खातोय असं लोक म्हणायचे. निर्व्यसनी होता तो! आणि तू इतक्या वर्षांनी तेच ओठ माझ्यासमोर आणतोस? मुद्दाम?"

नंदूचा चेहरा कागदासारखा झाला. "आम्हाला... आम्हाला तेच आवडायचं," तो एवढंच म्हणाला.

मी दुसरी प्रत म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

त्यांनी उघडली. भिंग खाली-वर फिरलं. ओठ ओठांत, शेला कमरेत.

"हे कोणी केलं?"

"आमच्याकडची लिंडा म्हणून आहे," मी सांगितलं. "दुकान आहे तिचं. लंच सोडून केलं."

"ही बाई तेव्हा कुठे होती?" ते म्हणाले. खरोखर चिडून. मग एकदम हसायला लागले. दातांची कवळी हलेपर्यंत. "माझ्या छापखान्यात का नव्हती?"

मग ते कथा वाचायला लागले, लिंडाच्या प्रतीतून. दर्यादरोगा आली तेव्हा भिंगातून एकदा माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. नाडीपाशी आल्यावर थांबले.

"डाव्या बुटाला नाडी नव्हती हे तुला कसं कळलं?"

"एकाही चित्रात नव्हती, आजोबा. मी सगळी बघितली होती."

"कुणीच विचारलं नाही," म्हातारा म्हणाला. "संपादकाने नाही, बायकोने नाही. ते मात्र मुद्दाम होतं."

नंदू पुढे सरकला. सबंध बालपण त्या उत्तरावर टेकलेलं होतं. "का, आजोबा?"

"कंटाळा," साखरदांडे म्हणाले. "एका पानावर दहा चौकटी. प्रत्येकात खंडू. दोन-दोन बूट. किती नाड्या बांधायच्या माणसाने? एक बांधली, पुष्कळ झालं."

मला वाटलं, आता नंदू पुन्हा फुटपाथवर बसणार. पण तो हसत सुटला. पोट धरून, खुर्चीवरून घसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हाताराही सुरू झाला. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बीपी!" पण तिलाही हसू येत होतं.

"मग? सापडते का नाडी?" साखरदांडे शेवटच्या पानाकडे वळत म्हणाले.

शेवटच्या चौकटीत खंडू जहाजावर उभा, हातात नाडी, आता बुटाला बांधणार.

"नाही, नाही, नाही," म्हातारा म्हणाला. "मूर्खा, बांधलीस तर उद्यापासून काढावी लागेल! पेन दे." नंदूने पेन दिलं. त्यांनी बटाट्याची प्रत ओढली आणि शेवटच्या चौकटीखाली, कोऱ्या जागेत, थरथरत्या हाताने एक चौकट काढली. हात चौकट काढताना थरथरला, खंडू काढताना नाही. खंडूच्या हातून नाडी समुद्रात पडली आहे, एक मासा ती घेऊन चालला आहे, आणि खंडूच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद.

"हे तुझं," त्यांनी ती प्रत नंदूला दिली. लिंडाची प्रत स्वतःच्या ब्लँकेटखाली घातली. "हे माझं. विमानात हातात नेणार."

परतताना नंदू एम वनवर सबंध वेळ बोलत होता. मी त्याला गप्प बसायला एकदाही सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नव्हता.

पुढच्या वसंतात त्याचं काँट्रॅक्ट संपलं. रीडिंग स्टेशनबाहेर हीथ्रोच्या बसपाशी मी त्याला सोडलं. सोबत पोळ्या बांधून दिल्या होत्या. त्याने बस सुटायच्या आतच एक संपवली. खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "वहिनी, पुढच्या भागात दरोगा चांगली होणार आहे!"

"काही गरज नाही," मी ओरडले.

बस निघाली. त्याच्या उजव्या गालावर जॅम लागला होता, ओठांपासून बरोबर एका आंबेमोहोराएवढा दूर. मी सांगणार होते. नाही सांगितलं.

तर रंग. आज दोन हात दिले, ओठ गेले, ब्रश भिजवून ठेवला.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी जाऊन बघितलं तर भिंत वाळली होती आणि मॅग्नोलियाच्या आतून ओठ पुन्हा वर आले होते, फिकट गुलाबी, समाधानी. तिसरा हात द्यायला डबा पुरेना आणि रविवारी सकाळी दुकान उघडं नसतं. माझ्याकडे बटाट्याच्या प्रतीतलं एक जादा पान होतं, दर्यादरोगा उलथनं घेऊन उभी असलेलं. ते फ्रेममध्ये घातलं. सासूबाईंना आधीच कल्पना असलेली बरी. ओठ झाकले जातील असा अंदाज घेऊन खिळा ठोकला, फ्रेम लावली, मागे सरून पाहिलं. फ्रेमच्या डाव्या कडेतून अर्धे ओठ बाहेर डोकावत होते.

"जरा उजवीकडे गेलंय," दारातून श्रीकांत म्हणाला.

"हो," मी म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.